ग्लासातला खर्ज

(दृश्य : लोअर परळ, शनिवारची रात्र. जुन्या गिरणीच्या आवारातला बार. आवाज जसाच्या तसा.)

जिथे कधीकाळी माग चालायचे, तिथे आता स्पीकर चालतात. कानांच्या दृष्टीने फारसा फरक पडलेला नाही. टेबलावर मोबाइल ठेवून आवाज मोजणारं ॲप सुरू केलं, तर आकडा ८५ डेसिबलच्या आसपास नाचतोय. समोर रेड वाइनचा ग्लास आहे. पिणारा एक घोट घेतो, खांदे उडवतो आणि म्हणतो, काही खास नाही.

दोष वाइनचा असेलही. पण एवढ्या गलक्यात ती नीट चाखली गेली, असं म्हणणं कठीण आहे.

(दृश्य : आवाज एकदम बंद. फक्त ग्लास.)

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश प्रयोगात लोकांच्या कानांवर हेडफोन चढवले गेले आणि त्यांना खायला दिलं गेलं. हेडफोनमधून मोठा खरखराट सुरू असताना खाणं कमी गोड आणि कमी खारट लागलं, कुरकुरीतपणा मात्र वाढला. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विमानाच्या केबिनसारखा, सुमारे ८५ डेसिबलचा आवाज लावून चव तपासली गेली. तिथेही गोडी घटली. टोमॅटो आणि मशरूममधली ती भरदार चव, जिला उमामी म्हणतात, ती मात्र वाढली. आता वाइनचा विचार करा. तिच्यातला फळाचा गोडवा मागे सरला की पुढे येतं ते आंबट आणि तुरट.

म्हणून वाइनबरोबर कोणतं गाणं लावायचं हा प्रश्न आपण उगाच पहिला विचारतो. आवाज किती आहे, हे आधी बघायला हवं.

बारमालकांचं गणित वेगळं असतं. फ्रान्समध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत बारमधलं संगीत ७२ डेसिबलवरून ८८ वर नेलं गेलं. पाव लिटर बिअर संपवायला आधी सरासरी साडेचौदा मिनिटं लागत होती, नंतर साडेअकराही लागेनात. संगीत मोठं झालं की गप्पा थांबतात आणि हाताला ग्लासाशिवाय काम उरत नाही.

(दृश्य : दादरमधल्या घराची बैठकीची खोली. खिडक्या बंद होताना.)

आता घरी. मुंबईत शांत खोली मिळवणं हेच अर्धं काम आहे. खिडकी उघडी ठेवली की टॅक्सी, हॉर्न आणि समोरच्या बांधकामाचं ड्रिल आत येतं. बंद केली की उकडतं. पंखा लावला तर तो घरघरतो, आणि त्याहून वाईट म्हणजे ग्लासावर साठलेला सुगंध उडवून लावतो. ज्याला आपण चव म्हणतो तिच्यात नाकाचा वाटा फार मोठा असतो, त्यामुळे पंख्याखाली वाइन चाखण्यात अर्थ नाही. खिडक्या बंद, पंखा बंद आणि एसी २४ वर, त्याचा झोत टेबलापासून दूर. एसी नसेल तर रात्री दहानंतर बसा. देवापुढची अगरबत्ती विझून तासभर तरी झालेला असावा. स्वयंपाकघरात फोडणी पडत असेल, तर ती होऊन जाऊ द्या.

नंतर तापमान. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हे वाक्य थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. आपल्याकडे कपाटातली बाटली तिशीच्या घरात असते. इतक्या गरम वाइनमधून अल्कोहोल आधी नाकात घुसतो आणि बाकी सगळं झाकून टाकतो. रेडला १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे फ्रिजमध्ये सव्वा ते दीड तास. परदेशी पुस्तकांतली वीस मिनिटं आपल्याला पुरत नाहीत. व्हाइटला ८ ते १२ अंश लागतात, फ्रिजमध्ये तीन-चार तास. घाई असेल तर बादलीत बर्फ घ्या आणि त्यात पाणी ओता. नुसता बर्फ बाटलीला मोजक्या ठिकाणी टेकतो, पाणी तिला सगळीकडून वेढतं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं.

(दृश्य : हार्मोनिअमच्या पट्ट्या, मग जलतरंगाचे वाडगे.)

गळा गोड असतो, शब्द कडू असतात, आवाज मुरलेला असतो आणि लोणचंही मुरलेलंच असतं. कानाचं आणि जिभेचं हे नातं आपण बोलताना रोज वापरतो. प्रयोगशाळेत ते मोजलं गेलं ते अलीकडे. ऑक्सफर्ड विद्यापीठात चार्ल्स स्पेन्स आणि त्यांचे सहकारी यावर बरीच वर्षं काम करत आहेत. २०१० च्या त्यांच्या एका प्रयोगात लोकांनी गोड चवीची जोडी पियानोच्या स्वरांशी लावली आणि कडू चवीची ट्रॉम्बोनसारख्या पितळी वाद्यांशी. गोड आणि आंबट चवी वरच्या सप्तकात गेल्या, कडू खाली. २०११ मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी वादकांना शब्द दिले, गोड, आंबट, कडू, खारट, आणि त्यावर मनाने वाजवायला सांगितलं. गोडासाठी स्वर हळुवार, संथ आणि एकमेकांशी जुळणारे आले. आंबटासाठी उंच आणि खटकणारे, कडूसाठी खालचे आणि सलग, खारटासाठी तुटक.

हे सगळं पाश्चात्त्य वाद्यांवर झालं. आपल्याकडे ते लावताना वाद्याच्या नावाला किंवा रागाला महत्त्व नाही. स्वर किती उंच आहे आणि एका स्वरातून दुसऱ्यात कसं जायचं, एवढंच बघायचं. जलतरंग आणि संतूर उंच आणि तुटक. बासरी मधली, मींडेने, म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात घसरत, सलग. रुद्रवीणा खालची आणि लांबणारी. ही वाटणी आमची, अंदाजाने केलेली. ती पटते का, हे पुढच्या अर्ध्या तासात तुमची जीभ ठरवेल.

(दृश्य : मोबाइलच्या तळाची बारीक भोकं.)

त्याआधी एक अडथळा. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज ऐकू येत नाही. काळी एकचा, म्हणजे हार्मोनिअमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराचा तानपुरा घ्या. त्याच्या जोडीच्या तारा साधारण १३८ हर्ट्झवर असतात, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. मोबाइलचा चिमुकला स्पीकर इतका खालचा स्वर वाजवूच शकत नाही. तुम्हाला ऐकू येतात त्या तारेचे वरचे उपस्वर, त्यावरून मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. रुद्रवीणा लावायची आणि ऐकायची तिची वरची सावली. मग कडू-तुरट चव वाढली नाही म्हणून संगीताला दोष द्यायचा, असं होतं. बऱ्या आकाराचा बॉक्स स्पीकर घ्या, नाहीतर कान झाकणारे हेडफोन.

आणि गाण्याला शब्द नकोत. ओळखीचं सिनेमाचं गाणं लागलं की माणूस कॉलेजात पोहोचतो आणि ग्लास इथेच राहतो. प्रयोगापुरतं तरी नुसतं वाद्य.

(दृश्य : चार ग्लास, मापाचं भांडं, कागद, पेन्सिल.)

चार माणसं, एक बाटली. सुरुवात नाशिकच्या एखाद्या शिराझ या रेड वाइनपासून करावी, कारण तिच्यात फळ आणि तुरटपणा दोन्ही असतात आणि फरक पकडायला सोपा जातो. ग्लास तोंडाशी निमुळता हवा. पाणी प्यायचा सरळ पेला चालत नाही, सुगंध त्यात टिकत नाही. कपाटातून काढलेला ग्लास आधी रिकामाच हुंगा. बंद लाकडाचा किंवा फडक्याचा वास असेल तर साध्या पाण्याने विसळून उलटा वाळवा.

आधी प्रत्येकी २० मिली, संगीत नाही, नोंद नाही. दिवसातला पहिला घोट नेहमीच जास्त आंबट आणि तुरट लागतो, तोंडाला सवय व्हायची असते. तो हिशेबात धरला, तर पहिल्या संगीतावर अन्याय होतो. मग प्रत्येकी ४० मिलीच्या चार फेऱ्या. सगळे मिळून ७२० मिली, म्हणजे ७५० ची बाटली जवळजवळ पुरी. माणशी भरतात १८० मिली. आकडा क्वार्टरचा आहे खरा, पण वाइनमध्ये अल्कोहोल १२-१४ टक्केच असतो. तरी जवळ एक रिकामं भांडं ठेवा आणि तिसऱ्या फेरीपासून घोट त्यात टाकायला लाजू नका. नशा चढू लागली की शेवटच्या फेरीच्या गुणांना अर्थ राहत नाही.

फेऱ्यांचा क्रम असा : वरचा स्वर (इथे बासरी), खालचा (रुद्रवीणा), पुन्हा खालचा, पुन्हा वरचा. नुसतं आधी वरचा आणि मग खालचा केलं, तर फरक संगीताने पडला की दमलेल्या जिभेने, ते कळत नाही. ओतायचं काम एकाने स्वयंपाकघरात करावं आणि चारही वेळा वाइन एकच आहे, हे सांगू नये. दर फेरीला नवी वाइन नव्या ग्लासात, बाटली मधल्या वेळात फ्रिजमध्ये. ही अट काटेकोर पाळा. मुंबईच्या हवेत ग्लासातली ४० मिली वाइन बघता बघता गरम होते आणि लोक तो फरक बासरीच्या नावावर जमा करतात.

अर्धा मिनिट नुसतं ऐका. मग हुंगा. मग घोट, तोंडात पाच-सहा सेकंद फिरवून. गोड, आंबट, कडू, तुरट, प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, कागदावर. एक शब्द बोलायचा नाही. एकजण ‘कडवट आहे’ म्हणाला की चौघांनाही कडवट लागतं, आणि ही ताकद कुठल्याही वाद्यापेक्षा जास्त आहे. दोन फेऱ्यांमध्ये दोन मिनिटं शांतता, घोटभर पाणी, साध्या ब्रून पावाचा तुकडा. चकणा नंतर. मसाला शेंगदाण्याने जीभ चुरचुरली की पुढच्या दोन फेऱ्या वाया.

स्पीकर टेबलापासून दोनेक मीटरवर. बसल्या जागी ॲपवर ६० ते ६५ डेसिबल, साध्या बोलण्याइतकं. दोन्ही संगीतं एकाच पातळीला आणा. ॲप बहुधा खर्ज कमी धरतं, म्हणून शेवटची जुळवणी कानाने करा. एक संगीत मोठं आणि एक लहान राहिलं, तर तुम्ही स्वर नाही, आवाजाची पातळी चाखताय.

कागद मांडल्यावर काय दिसतं? बहुधा एक-दोन गुणांचा फरक. रुद्रवीणेखाली तुरटपणा थोडा पुढे, बासरीखाली फळ थोडं पुढे. एखाद्याला काहीच फरक लागत नाही, तेही खरंच धरावं. ग्लासातली वाइन बदललेली नसते, लक्ष कुठे जातं ते बदलतं. बिघडलेली वाइन कुठल्याही घराण्याच्या गायकाला सुधारता येणार नाही.

सॉव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाइनबरोबर उलटा अनुभव येतो. ती मुळात आंबट, हिरव्या सिमला मिरचीच्या वासाची. तिच्याबरोबर जलतरंग लावला की धार आणखी चढते. कुणाला ती आवडते. ज्यांना झोंबते त्यांनी बासरी लावावी. आमचं मत विचाराल तर मासे असतील तेव्हा जलतरंग.

(दृश्य : व्हिस्की. पाण्याचा ड्रॉपर.)

व्हिस्कीला वेगळी वागणूक. इथे अल्कोहोलची जळजळच इतकी असते की बाकी बारकावे तिच्याखाली जातात. त्यामुळे संगीताआधी पाणी. बऱ्याच भारतीय व्हिस्की ४२.८ टक्क्यांच्या असतात. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये ५ मिली पाणी घातलं की साधारण ३६.७ टक्के उरतात, १० घातलं की ३२. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर दाखवलं, की धुराच्या वासाचा ग्वायाकॉल हा घटक ४५ टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणात पृष्ठभागाशी राहतो आणि ५९ च्या वर आत दडतो. पृष्ठभागाशी असला तरच तो नाकाला भेटणार. बर्फ आणि सोडा या कामापुरते बाजूला. गारठ्यात सुगंध उठत नाही आणि बुडबुडे जिभेला गुंतवून ठेवतात. प्रयोग संपला की हवा तेवढा सोडा घाला, कोण अडवतंय.

फेऱ्या चारच, पण १५ मिलीच्या, म्हणजे एकूण एक मोठा पेग. महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवं आणि परवानाही लागतो. परमिट रूम हे नाव तिथूनच आलंय.

२०१३ साली लंडनमध्ये सोहो भागात चारशेहून अधिक लोकांना एकच व्हिस्की तीन खोल्यांत फिरवून पाजली. एका खोलीत जमिनीवर गवत आणि पक्ष्यांचे आवाज, दुसऱ्या लाल खोलीत बारीक किणकिण, तिसऱ्या खोलीत लाकूड, करकरणारी फळी आणि डबल बेस हे खर्जाचं मोठं तंतुवाद्य. त्या त्या खोलीत ती ती चव दहा ते वीस टक्के जास्त जाणवली, आणि व्हिस्की सर्वांत आवडली ती लाकडाच्या खोलीत. पण तिथे उजेड, वास, भिंती, सगळंच बदललेलं होतं. आवाजाचा वाटा किती, ते त्यातून सुटं करता येत नाही. डबल बेस जवळून ऐकायचा असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची मैफल गाठावी. घरी मोठ्या स्पीकरवर चेलो चालतो, आणि नुसता तानपुराही वाईट नाही.

पिंपांना संगीत ऐकवणारेही आहेत. चिलीतल्या मोंतेस वायनरीत तळघरात ग्रेगोरियन प्रार्थना वाजत असतात, आणि अमेरिकेत एका मेटल बँडच्या नावाने निघालेल्या व्हिस्कीच्या पिंपांना त्याच बँडचा खर्ज ऐकवला जातो. पिंप हलल्याने लाकडाशी संपर्क वाढत असेल. गाणं कुठलं, याने पिंपाला फरक पडत असेल असं वाटत नाही.

दुकानाला मात्र नक्की पडतो. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेली इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटची पाहणी प्रसिद्ध आहे. फ्रेंच संगीत लावलं तेव्हा फ्रेंच वाइनच्या ४० आणि जर्मनच्या ८ बाटल्या गेल्या. जर्मन संगीत लावलं तेव्हा जर्मन २२, फ्रेंच १२. नंतर विचारलं तेव्हा ४४ पैकी फक्त ६ ग्राहकांनी मान्य केलं की संगीताचा परिणाम झाला असेल.

(दृश्य : अर्धी उरलेली बाटली. फ्रिजचं दार.)

चौघांऐवजी दोघंच बसलात तर अर्धी बाटली उरेल. बूच लगेच लावा आणि रेड असली तरी फ्रिजमध्ये उभी ठेवा, बाहेरच्या उकाड्यात ती एका रात्रीत आंबटसर होऊ शकते. दुसऱ्या दिवशी काढून १६ ते १८ अंशांवर येईपर्यंत टेबलावर राहू द्या, मग त्याच चार फेऱ्या, क्रम उलटा : खालचा, वरचा, वरचा, खालचा. कालचे कागद तोवर उघडायचे नाहीत.