शंख देवघरात, शंख काचेत

हर्णैचं बंदर, संध्याकाळची वेळ. मागे लिलावाचा गलका चालूय, पण आपण जरा खाली बघूया, होडीच्या कडेला पाण्यावर डिझेलचा तवंग आलाय ना, तो. जांभळा, हिरवा, मधेच पिवळा. आता डिझेलला कुठे असले रंग असतात? थोडा प्रकाश तवंगाच्या वरूनच परत फिरतो, थोडा आत जाऊन खालच्या पाण्यावरून फिरतो, आणि वाटेत दोघांची गाठ पडते. प्रकाशही लाटांसारखाच चालतो, लाटेच्या माथ्यावर माथा आला की तो रंग उजळतो, माथ्यावर खळगा आला की विझतो. खाडीत दोन होड्या जवळून गेल्या की लाटा एकमेकींत घुसून कुठे पाणी उसळतं, कुठे एकदम सपाट, तसंच. इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंगने 1801 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हे मांडलं, तर नंतर त्याच्यावर टीकाच जास्त झाली.

लाटांची हीच गाठ काचेवर पकडता येते. साध्या फोटोत काय होतं, प्रकाश किती आला एवढंच उमटतं, लाट कुठल्या टप्प्यावर होती ते हरवतं, आणि चित्राची खोली तिथेच जाते. 1947 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबोरने डोकं लावलं, वस्तूवरून आलेल्या लाटेला दुसरी सरळ लाट भेटवायची आणि त्या भेटीची नक्षीच फोटोच्या काचेच्या प्लेटवर उतरवायची. मग त्या नक्षीवर प्रकाश टाकला की वस्तू खोलीसकट परत दिसते. झाला होलोग्राम. पण लाटा तालात हव्यात, तसा लेझर आला 1960 मध्ये, आणि गॅबोरला नोबेल मिळालं 1971 ला!

आम्ही पण घरी करून बघितलं. आत्याच्या देवघरातला शंख मागून आणला. पहिली प्लेट कोरी, कारण ऐन वेळी रस्त्यावरून डंपर गेला. लाल लेझरची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही छोटी, शंख तिच्या पाव भागाइतका हलला तरी नक्षी पुसली जाते. मग स्कूटरच्या ट्यूबमध्ये हवा भरून तिच्यावर लाकडी पेटी, पेटीत किनाऱ्यावरची सुकी वाळू, वाळूत शंख रोवलेला आणि त्याच्या पुढ्यात प्लेट. हौशी लोक असंच करतात, वाळू हादरे गिळते. रात्रीचे दोन, पंखा बंद, डास चावले तरी हलायचं नाही.

सकाळी प्लेट उन्हात धरली. साध्या उजेडात दिसणारी ही पद्धत सोव्हिएत शास्त्रज्ञ युरी डेनिस्युकची, 1962 ची. काचेमागे शंख! मान डावीकडे नेली की तोंड दिसतं, उजवीकडे नेली की ते दडतं आणि पाठीच्या वळ्या पुढे येतात. अर्धी प्लेट हाताने झाकली तरी शंख अख्खाच, फक्त खिडकी लहान झाल्यासारखी.

आत्याने प्लेटच्या मागे हात घालून चाचपलं, काही लागलं नाही, तशी उठून देवघरात गेली. शंख जागेवरच होता, तिनेच पहाटे धुवून ठेवलेला.