रताळं गोड कधी होतं?

(दृश्य: ओलसर माती. कुदळ हलकेच आत जाते. मातीतून गुलाबी साल डोकावते.)

हे रताळं आत्ताच जमिनीतून निघालंय. धुऊन, उकडून लगेच खाल्लं, तर बहुधा हिरमोड होईल. पिठूळ लागेल, गोडी जेमतेम. यात दोष बेण्याचा नाही की जमिनीचा नाही. ते अजून तयार व्हायचंय, इतकंच.

आधी त्याचं गोत्र सांगायला हवं. मातीखाली वाढतं म्हणून आपण त्याला बटाट्याचा भाऊ समजतो, पण बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला. रताळ्याची सोयरीक वेगळीच आहे. कुंपणावरची गणेशवेल आणि समुद्रकाठच्या वाळूत पसरणारी मर्यादवेल हे त्याचे सख्खे नातलग. फूल पाहिलंत तर लगेच पटेल, तेच नाजूक नरसाळं. बटाटा म्हणजे फुगलेलं खोड, तर रताळं म्हणजे फुगलेलं मूळ.

आणि नावाची गंमत तर पुढेच आहे. कॅरिबियन बेटांवरच्या तायनो लोकांच्या भाषेत ‘बताता’ म्हणजे रताळं. युरोपीय दर्यावर्दींनी तो शब्द उचलला आणि पुढे भेटलेल्या दुसऱ्याच कंदाला चिकटवला. पोर्तुगीजांच्या तोंडून तो मराठीत आला. म्हणजे बटाट्याला आपण आजही रताळ्याच्याच नावाने हाक मारतोय!

(दृश्य: समुद्र. लांबवर एक बेट.)

रताळ्याचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण पट्ट्यात. पण पॅसिफिक महासागरातल्या मांगाइया बेटावर रताळ्याचे जळके अवशेष सापडले आहेत, कोलंबसाच्या आधीचे. ते तिथवर माणसांच्या होड्यांतून गेलं की बिया वाहत गेल्या, यावर अभ्यासक अजून भांडतायत. पॉलिनेशियात त्याला ‘कुमारा’ म्हणतात, आणि दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेत ‘कुमार’ असा शब्द आहे. एवढं साम्य ऐकलं की मला तरी होडीचीच बाजू घ्यावीशी वाटते.

(दृश्य: वरंब्यावर वेलीचे तुकडे खोचणारे हात.)

लागवडीला बी वापरत नाहीत. बी धरतं, पण त्यातून येणारं रोप आईसारखं निघेलच असं नाही. रताळ्यात गुणसूत्रांचे एक-दोन नाही, सहा संच असतात. प्रत्येक बी म्हणजे नवी सोडत. म्हणून वेलीच्या शेंड्याकडचे 20 ते 30 सेंटिमीटरचे तुकडे घ्यायचे आणि दोन-तीन पेरं मातीत जातील असे खोचायचे. पहिले दोन दिवस ते अशी मान टाकतात की सगळं वाया गेलं असं वाटावं. तिकडे फार बघू नका. ओल असली की उठतात.

जमीन भुसभुशीत हवी आणि वरंबा उंच. घट्ट मातीत मूळ वाकडंतिकडं होतं, साचलेल्या पाण्यात कुजतं. खताच्या बाबतीत मात्र हौस आवरा. नत्र जास्त झालं की हिरवागार गालिचा पसरतो, येणारे-जाणारे कौतुक करतात, आणि खणायच्या दिवशी खाली बोटाएवढ्या मुळ्या निघतात. मूळ पोसायला पालाश, म्हणजे पोटॅश लागतं. पसरलेली वेल अधूनमधून उचलून बाजूला टाकायची, कारण ती पेरापेराला मुळं धरते आणि अन्नाची वाटणी होते.

मोठा शत्रू म्हणजे सोंड्या भुंगा. माती तडकली की भेगेतून तो थेट रताळ्यापर्यंत पोचतो. त्यावर साधा उपाय म्हणजे मातीची भर देत राहणं आणि जमीन भेगाळू न देणं. भुंग्याने पोखरलेलं रताळं कडू होतं. तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू, असा मोह होईल. नको, अख्खं टाकून द्या.

साधारण तीन ते पाच महिन्यांत, जातीप्रमाणे, काढणी. साल इतकी नाजूक असते की नखानेही सोलते. आणि इथेच घाई नडते. काढलेली रताळी धुवायची नाहीत. सुमारे 30 अंश सेल्सियसच्या उबेत, दमट हवेत चार ते सात दिवस ठेवायची. जखमांवर नवी साल धरते. मग 13 ते 15 अंशांच्या जागी काही आठवडे मुरू द्यायची. या काळात आतल्या पिठाची हळूहळू साखर होत राहते. फ्रिज मात्र त्यांना सोसत नाही. तिथे गर आतून कडक होतो, मग कितीही शिजवा, मऊ पडत नाही.

(दृश्य: निखारे. राखेत पुरलेली रताळी.)

उरलेली गोडी विस्तवावर. रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम असतं. ते पिठाच्या लांब साखळ्या तोडून माल्टोज ही साखर बनवतं. पीठ साधारण 65 ते 75 अंशांना फुलतं आणि विकराच्या हाती लागतं. 80 अंशांच्या आसपास विकरच निकामी होतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये रताळं जितका वेळ रेंगाळेल तितकं गोड. मायक्रोवेव्हमध्ये ते हा टप्पा धावत ओलांडतं, म्हणून शिजतं पण फिकं राहतं. राखेत किंवा मंद भट्टीत पाऊण-एक तास द्या. साल सुरकुतते, फटीतून पाक पाझरतो, त्याच्या कडा करपतात. तो करपलेला पाक मी कुणाला देत नाही.

फोडी करायच्या असतील तर हाताला चिकट चीक लागेल आणि चिरलेला गर काळा पडेल. फोडी लगेच पाण्यात टाका. केशरी गराच्या जातींत बीटा-कॅरोटिन भरपूर असतं, ज्यातून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. अशा जाती आफ्रिकेत पोचवणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. कॅरोटिन अंगी लागायला सोबत थोडं तेल-तूप हवं. पांढऱ्या गराचं रताळं कोरडं असतं, तळायला तेच बरं. आणि हो, कोवळी पानंही भाजीसारखी शिजवून खातात.

(दृश्य: टोपलीचा तळ.)

एखादं रताळं टोपलीच्या तळाशी विसरून राहतं. त्याला जांभळट कोंब फुटतात. ते वीतभर झाले की तोडा, मातीत खोचा. आणि पहिले दोन दिवस तिकडे फिरकू नका.