ढिम्म उभे राहिलेले दोघे

इथे थांबवतो गाणं. ऐकलंत? कडव्यात हा माणूस गातच नाही, बोलतो. तेही सावकाश, बँकेतल्या कारकुनाने खात्यातली शिल्लक सांगावी तसं. ध्रुवपद आलं की गळा जरा मोकळा होतो, आणि लगेच पुन्हा आवरला जातो. हे 'वेस्ट एंड गर्ल्स'. जानेवारी १९८६मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, मे महिन्यात अमेरिकेत. नील टेनंट आणि ख्रिस लोव, म्हणजे पेट शॉप बॉइज.

त्या काळची टीव्हीवरची चित्रफीत मिळाली तर जरूर पाहा. टेनंट लांब कोट घालून उभा. मागे लोव, डोळ्यांवर टोपी, बोटं कीबोर्डवर. हसू नाही, नाच नाही. पॉपमध्ये तेव्हा फुगवलेल्या केसांची आणि घामाने निथळणाऱ्या गायकांची चलती होती. त्यात हे दोघे बसची वाट बघत असल्यासारखे. पुष्कळांना तो रुक्षपणा वाटला. मला तो संकोच वाटतो, आणि या जोडीची सगळी कमाई त्या संकोचातच आहे असं माझं मत आहे.

टेनंट मुळात संपादक. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थ शील्ड्सचा, जन्म १९५४चा. मार्व्हल कॉमिक्सच्या लंडन कचेरीत अमेरिकन स्पेलिंग ब्रिटिश करायचं काम त्याच्याकडे होतं. चित्रांतल्या बायकांचे कपडे जरा सभ्य करून घेणं हेही त्यातच आलं. पुढे तो 'स्मॅश हिट्स'मध्ये गेला. गाण्यांचे शब्द छापायचे आणि गाणाऱ्यांची फिरकी घ्यायची, असं ते पोरासोरांचं लाडकं पाक्षिक. दुसऱ्यांच्या भपक्याला चिमटे काढण्यावर ज्याचं पोट, तो स्वतः माइकसमोर उभा राहिला की जपूनच राहणार. लोव पाच वर्षांनी धाकटा, ब्लॅकपूलचा, लिव्हरपूलला वास्तुरचना शिकणारा. मिल्टन कीन्समधला एक जिना त्याने आखलेला आहे. कधी तिकडे गेलात तर चढून बघा, मी अजून चढलेलो नाही.

दोघे भेटले १९ ऑगस्ट १९८१ला, लंडनच्या किंग्ज रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, टेनंट न्यूयॉर्कमध्ये बॉबी ऑरलँडो या निर्मात्याबरोबर जेवायला बसला होता. मासिकाने त्याला 'द पोलीस' या बँडसाठी पाठवलं होतं, याने मधल्या वेळात आपलं घोडं दामटलं. ऑरलँडोच्या स्वस्त, धडधडत्या क्लब रेकॉर्डवर दोघांचा जीव होता. ऑरलँडोने त्यांच्याकडून 'वेस्ट एंड गर्ल्स' करून घेतलं. १९८४मध्ये ते अमेरिकेतल्या काही क्लबांत वाजलं आणि तेवढ्यावरच राहिलं. मग करार सोडवून घ्यावा लागला. पार्लोफोन कंपनी मिळाली, आणि स्टीव्हन हेग या निर्मात्याने गाणं नव्याने उभं केलं. सुरुवातीला ऐकू येणारे रस्त्याचे आवाज, ती पावलं, हे सगळं या दुसऱ्या रूपातलं. कल्पना रॅपवरून सुचलेली. पण न्यूयॉर्कचा आव न आणता टेनंट स्वतःच्या इंग्लिश उच्चारात बोलला, हे त्याचं शहाणपण.

१९८७ला 'इट्स अ सिन' आलं. गडगडाट, चर्च, शेवटी लॅटिन प्रार्थना. टेनंट न्यूकॅसलच्या कॅथलिक शाळेत शिकलेला, सगळा राग तिथला. एवढ्या गदारोळात तो स्वतः मात्र ओरडत नाही, हे लक्षात ठेवा. त्याच वर्षी, कारकीर्द मावळलेल्या डस्टी स्प्रिंगफील्ड या गायिकेला त्यांनी आग्रहाने बोलावून तिच्याबरोबर गाणं केलं. ते ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. नाताळात एल्विसच्या एका जुन्या गाण्याचं त्यांनी केलेलं रूप पहिलं आलं. १९८८च्या वसंतात 'हार्ट', ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलेलं त्यांचं चौथं गाणं. त्यानंतरचं 'डॉमिनो डान्सिंग' सातव्याच्या वर सरकेना. टेनंटने ओळखलं, आपला 'साम्राज्यकाळ', म्हणजे हात लावू ते चालण्याचा काळ, संपला. हा शब्द त्याचाच. आता समीक्षक तो कुणालाही लावतात. स्वतःच्या उताराची बातमी स्वतःच देणारा गायक मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

संकोचाची आणखी एक बाजू आहे. १९८८मध्ये थॅचर सरकारने 'कलम २८' आणलं: स्थानिक संस्थांनी समलैंगिकतेचा 'प्रसार' करायचा नाही. एड्सने माणसं जात होती. टेनंट स्वतःबद्दल उघडपणे बोलला तो १९९४मध्ये, एका मासिकात. त्याआधीची गाणी या कानाने ऐका. प्रेम कुणावर, हे बहुतेक ठिकाणी मोकळंच सोडलेलं आहे.

पुढचं भराभर सांगतो, कारण यादी लांब आहे. १९९३चा 'व्हेरी' हा अल्बम, नारिंगी प्लास्टिकच्या उंचवट्यांच्या डबीतला. ब्रिटनमध्ये पहिला आलेला त्यांचा एकमेव अल्बम. २००४मध्ये ट्रॅफल्गार चौकात आयझेनस्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन' या जुन्या मूकपटाला जिवंत वाद्यवृंदासह संगीत. २०१४मध्ये लंडनच्या 'प्रॉम्स' या संगीत महोत्सवात ॲलन ट्युरिंग या गणितज्ञावर रचना. २०२४मध्ये 'नॉनदलेस' हा अल्बम, तेव्हा टेनंट सत्तरीला टेकलेला. चाळीस वर्षांत जोडी फुटली नाही, तिसरा आला नाही.

पण मला तुम्हाला ऐकवायचं आहे ते १९९०चं, 'बीइंग बोअरिंग'. म्यूनिकमध्ये, हॅरोल्ड फाल्टरमायर या निर्मात्याबरोबर केलेलं. टेनंटच्या न्यूकॅसलमधल्या दिवसांपासूनचा एक मित्र एड्सने गेला, त्याच्यावर. पहिल्या कडव्यात जुन्या पार्टीची आमंत्रणं सापडतात, दुसऱ्यात घर सोडून निघालेला तरुण, तिसऱ्यात मागे राहिलेला माणूस. तो हंबरडा कुठेही फोडत नाही. ब्रिटनमध्ये हे विसाव्या क्रमांकावर थांबलं, आणि आज त्यांचे चाहते पहिलं नाव याचंच घेतात.

सात मिनिटांना थोडं कमी आहे. मागची ती खिडकी कुणी लावून घेता का? सुरुवात फार हळू आहे.