दिवाळीनंतरचा वर्ग

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा भागात वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीला नेणारे ट्रॅक्टर लागतात. टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच खर्चून झालेली असते. ट्रॉलीत बाजरीची पोती, भांडी, अंथरुणं चढतात; वर शेळ्या, कोंबड्या आणि लेकरं. टोळ्या निघतात सांगली-कोल्हापूरकडं, थेट कर्नाटकापर्यंत. गावी येणं गुढीपाडव्याच्या आसपास.

ऊसतोडीचं बोलताना आपण कोयते, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, मोजतो, टनाचा भाव मोजतो, शाळेचा पट मोजतो. मोजायलाच हवं. पण या दिवसांत शाळेच्या मैदानावर जरा थांबा. कबड्डीला सात-सात गडी जमत नाहीत.

जाणाऱ्या मुलाला शाळा शिक्षण हमी पत्रक देते, तिकडच्या वर्गात बसता यावं म्हणून. तिकडं मात्र आई-बाप पहाटेच उसाच्या फडात जातात आणि थोरली लेक कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते. शाळेत गेलीच, तर ती ‘ऊसतोड्याची पोरगी’. कर्नाटकात तर भाषाच वेगळी. खेळायला बोलवणार कोण? टोळीतली पोरं असतात, हे खरं. पण त्यांच्याही कडेवर भावंडं असतात.

मागं राहिलेला आजीजवळ असतो. रात्री आईचा फोन येतो, ‘जेवलास का?’ तो ‘हो’ म्हणतो. बाकीचं ज्याला सांगायचं, तो जोडीदार टोळीबरोबर गेलेला.

मुलींचं याहून अवघड. चौदा-पंधराची लेक गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं कितीतरी घरं तिचं लग्नच उरकतात. पाडव्याला मुलं परततात, ती वर्गात येत नाही. मला हे सगळ्यात जास्त लागतं. बालविवाह झाला की चौकशी होते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला कुणी काही विचारत नाही.

म्हणून ऊसतोडीच्या हंगामात गावी राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाकडं नुसती जेवणाची सोय म्हणून बघू नये. तिथं मुलं एकमेकांजवळ राहतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावानं ८२ वसतिगृहांची योजनाही आणली. मोठ्या मुलींना तिथं जागा मिळणं फार गरजेचं आहे. आणि गावातलं हंगामी वसतिगृह दिवाळीच्या सुट्टीतच सुरू व्हावं. ट्रॅक्टर दारात लागण्याआधी आईला ठाऊक हवं, की लेकरू इथं राहू शकतं.