उन्हाळ्यात कोणत्या रंगाचे कपडे घालावेत?

श्रोतेहो, नमस्कार.

ऊन तापू लागलं की कपाटातले पांढरे, फिके कपडे पुढे येतात आणि काळे-निळे मागे जातात. यात तथ्य किती, ते आज पाहू.

तथ्य आहेच. अमेरिकन शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७६१ साली एका पत्रात आपला एक साधा प्रयोग सांगितला होता. शिंप्याकडचे निरनिराळ्या रंगांचे कापडाचे तुकडे त्यांनी सकाळच्या लख्ख उन्हात बर्फावर पसरले. काही तासांनी पाहिलं, तर काळा तुकडा सर्वांत खोल रुतला होता. गडद निळा जवळजवळ तितकाच, फिका निळा त्याहून कमी. पांढरा मात्र होता तिथेच, वरच्या वर! गडद रंग ऊन शोषून घेतो, फिका ते परतवतो, हे त्या बर्फाने दाखवून दिलं.

मग वाळवंटातले बेदुइन, म्हणजे भटके अरब लोक, काळे झगे का घालतात? याचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापत होता, हे खरं. पण आतल्या माणसापर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच होती. झगा सैल असतो. कापड आणि अंग यांच्यामध्ये हवा खेळती राहते आणि कापडाची जास्तीची उष्णता ती बाहेरच्या बाहेर घेऊन जाते. म्हणून मला वाटतं, रंगाआधी कपड्याचा घोळ पाहावा. अंगाला चिकटून बसणारा काळा टी-शर्ट उन्हात घातला, तर त्याची बरीचशी धग थेट कातडीला लागते. शिवाय तंग कपड्यात घाम नीट वाळत नाही, आणि उन्हाळ्यात अंग थंड होतं ते मुख्यतः घाम वाळल्याने.

सावलीत किंवा घरात असाल, तर रंगाची चिंता सोडा. शोषायला ऊनच नाही. आपल्या अंगाची काही उष्णता न दिसणाऱ्या किरणांनीही बाहेर जाते, आणि त्यांच्या बाबतीत काळं-पांढरं कापड जवळपास सारखंच वागतं. तिथे आवडेल तो रंग घाला, कापड तेवढं सुती आणि हलकं असू द्या.

आता पांढऱ्याची एक उणी बाजू सांगतो, कारण तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. उन्हातले अतिनील किरण कातडी भाजतात. पातळ, विरळ विणीच्या पांढऱ्या कापडातून ते बरेच आत शिरतात, आणि सुती कापड घामाने भिजलं की आणखी. गडद रंग ते किरण जास्त अडवतो. घेण्याआधी कापड उजेडासमोर धरून मागे हात ठेवा. बोटं स्पष्ट दिसली, तर दिवसभर उन्हात काम करणाऱ्यासाठी ते कापड नको. त्याच्यासाठी घट्ट विणीचा, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सैल सदरा उत्तम. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर राबणाऱ्यांनी हे जरूर मनावर घ्यावं.

आणि छत्री? ती खुशाल काळी घ्या. काळं कापड अतिनील किरण चांगले अडवतं, आणि ते तापलं तरी अंगाला लागत नाही. मध्ये वारा असतो.

नमस्कार.