रूप परत न करणाऱ्यांच्या कथा

(कुडाळ येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जत्रेच्या रात्री रंगलेले दशावतारी नाटक पहाटे संपते, त्यानंतर देवळामागच्या विहिरीवर जे दिसते तिथून मी सुरुवात करतो. रात्रभर कधी द्रौपदी तर कधी एखादी राजकन्या उभी करणारा आमच्या गावच्या जत्रेतला स्त्रीपार्टी नट उजाडताना तिथे येऊन चेहऱ्यावरचा रंग धूत असे. लुगडे आणि दागिने तोवर पेटाऱ्यात गेलेले असत. त्याच्या विलापाने ज्यांचे डोळे पाणावले होते, तीच माणसे आता त्याला त्याच्या रोजच्या नावाने हाक मारून चहा देत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आणि मला दर वर्षी एकच प्रश्न पडे: ह्याला हे रूप परत करायचे नसेल तर? मी स्वतः समलिंगी आहे. त्या वयात मला हा शब्द ठाऊक नव्हता, पण प्रश्न माझाच होता, एवढे कळत होते.

आपल्या पुराणकथांत रूप बदलायला पूर्ण मुभा आहे, फक्त ते परत करावे लागते. अज्ञातवासाचे वर्ष संपले की बृहन्नडेला पुन्हा अर्जुन व्हावे लागते, आणि अमृत वाटून झाले की मोहिनीचे काम संपते. युवनाश्व राजाने मंत्रवलेले पाणी चुकून प्याले आणि त्याला गर्भ राहिला. मांधाता त्याची कूस फोडून जन्मला, पण ती एकदाच घडलेली नवलाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. ह्या नियमाला मला सापडलेला मोठा अपवाद महाभारताच्या अनुशासनपर्वात आहे. शंभर पुत्रांचा पिता असलेला भंगास्वन राजा इंद्राच्या रोषामुळे एका सरोवरात स्नान करताच स्त्री होतो, आणि पुढे त्या स्त्रीलाही एका तापसापासून शंभर पुत्र होतात. इंद्र त्या दोन्ही पुत्रसमूहांत भांडण लावून त्यांचा नाश घडवतो. मग प्रसन्न झालेला इंद्र विचारतो की कोणते पुत्र जिवंत करू, तेव्हा ती स्त्रीपणी झालेले पुत्र मागते. तुला पुन्हा पुरुष करू का, असे विचारल्यावर ती स्पष्ट नकार देते आणि स्त्रीच राहते. शाळेत आम्हाला महाभारत पुष्कळ शिकवले गेले, ही कथा मात्र कोणी सांगितली नाही, आणि ती त्या वेळी मिळाली असती तर माझी काही वर्षे सोपी गेली असती असे मला आजही मनापासून वाटते.

भंगास्वनाच्या त्या नकारापासून पुढे काय होते, ह्या प्रश्नावर विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि भयकथा लिहिणाऱ्या समलिंगी आणि पारलिंगी लेखकांनी, आणि त्यांच्या सोबतीने काही इतरांनीही, एक मोठे दालन उभे केले आहे. माझा त्यात प्रवेश झाला तो मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर घेतलेल्या एका जुन्या प्रतीमुळे. कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, म्हणजे साल १९९८, आणि उर्सुला ल ग्विन यांची १९६९ची ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ ही कादंबरी मी गावी येताना गाडीत वाचली. गेथेन नावाच्या बर्फाळ ग्रहावरील माणसे महिन्याचे बहुतेक दिवस ना स्त्री असतात ना पुरुष, आणि ठरावीक काळ आला की त्यांतील कोणीही कोणत्याही रूपात जाऊ शकते. त्यामुळे एकच व्यक्ती काही मुलांची आई आणि काही मुलांचा बाप असू शकते. तिथला राजा गरोदर राहतो, आणि ती राजवाड्यातली साधी बातमी असते. युवनाश्वाची कूस फोडावी लागली होती. इथे कोणाला आश्चर्यसुद्धा वाटत नाही. ह्या साहित्याचे सामर्थ्य मला त्या फरकात दिसले, कारण एक माणूस अपवाद म्हणून सहन करण्याऐवजी लेखिकेने सगळे जगच असे रचले होते की त्यात अपवाद उरत नाही.

तिच्याआधीही वाट होती. १९५३ साली थिओडोर स्टर्जन यांनी परग्रहावरून आलेल्या एका प्रेमी जोडप्याची कथा लिहिली. त्या दोघांवर पृथ्वी जीव टाकते. परत पाठवणीच्या प्रवासात मात्र कळते की ते समलिंगी आहेत, आणि यानावरचा एक अबोल माणूसही आपल्या सहकाऱ्यावरचे प्रेम असेच लपवून आहे. १९७२मध्ये जोआना रस यांनी फक्त स्त्रियांची वस्ती असलेला ग्रह रंगवला, जिथे दोन स्त्रियांचा संसार हा नुसता संसार आहे आणि पृथ्वीवरून आलेले पुरुष हेच संकट आहे.

भयकथेकडे आपण कोकणातल्या माणसांनी अधिक लक्ष द्यायला हवे, कारण भुतांच्या बाबतीत आपले ज्ञान खोल आहे. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, समंध आहे, खाडीच्या पाण्यात गिऱ्हा आहे, आणि ह्यांतील बहुतेकांची व्यथा एकच आहे की त्यांची इच्छा पुरी झाली नाही. मात्र त्यांना वागवण्याच्या दोन रीती आपण पाळतो. काहींना मांत्रिक बोलावून झाडाला खिळतात. देवचाराला आपण तसे करत नाही. तो गावाची सीमा राखतो, रात्री त्याच्या काठीचा आवाज आला तर माणसे वाट सोडतात, त्याला रोट देतात आणि त्याचा मान राखतात.

शेरिडन ल फानू यांची ‘कार्मिला’ १८७२ची, म्हणजे ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षे आधीची. त्यातील रक्तपिपासू स्त्री एका तरुण मुलीवर प्रेम करते आणि अखेरीस तिच्या छातीत खुंटी ठोकली जाते, ही झाली खिळण्याची रीत. तरीही शेवटच्या ओळीत त्या मुलीला दाराशी तिच्या हलक्या पावलांचा भास होतच राहतो. पुढे १९९१मध्ये ज्युवेल गोमेझ यांच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ने दुसरी रीत धरली. १८५०च्या सुमारास लुइझियानात गुलामीतून पळालेली एक कृष्णवर्णीय मुलगी रक्तपिपासू होते, स्त्रियांवर प्रेम करते, आणि कथा २०५०पर्यंत तिच्यासोबत चालते. ती ज्याचे रक्त घेते त्याच्या मनात शिरून त्याला हवे असलेले काहीतरी देऊन जाते. मी हे वाचले तेव्हा मला आमच्या वेशीवरचा राखणदार आठवला. कोलकात्याचे इंद्रप्रमित दास यांनी ‘द डिव्हावरर्स’मध्ये रूप बदलणाऱ्या नरभक्षकांना मुघलकाळात आणि सुंदरबनात आणले, आणि त्या कादंबरीला समलिंगी-पारलिंगी साहित्यासाठीचा २०१७चा लॅम्डा पुरस्कार मिळाला. भुते बंगालची चालतात, तर वेंगुर्ल्याची का चालणार नाहीत?

ही पुस्तके एकट्याने टिकली नाहीत. अशी पुस्तके दुकानात ओळखूच येत नसत, म्हणून १९८३मध्ये एरिक गार्बर आणि लिन पॅलिओ यांनी त्यांची एक सूची पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. १९८६मध्ये बॉस्टनमध्ये गेलॅक्सियन्स हे वाचकमंडळ स्थापन झाले, आणि पुढे त्याच परंपरेतून स्पेक्ट्रम पुरस्कार आले. १९९१मध्ये लिंगभावाचा नव्याने विचार करणाऱ्या विज्ञानकथांसाठी एक पुरस्कार जाहीर झाला, आणि त्याचे पैसे वाचकांनी घरी केक भाजून, ते विकून उभे केले. जत्रेची वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या गावांना हे अवघड का वाटावे?

त्या पुरस्काराला आरंभी जेम्स टिप्ट्री ज्युनियर हे नाव होते. २०१९मध्ये ते बदलून ‘अदरवाइज’ झाले. टिप्ट्री हा पुरुषी ढंगाचा लेखक म्हणून नावाजला गेला आणि १९७७मध्ये उघड झाले की ते ॲलिस शेल्डन ह्या लेखिकेचे टोपणनाव आहे. आपल्या मनाची ओढ लहानपणापासून मुलींकडे आणि स्त्रियांकडेच होती, हे त्यांनी पुढे जोआना रस यांना पत्रात लिहिले. मराठीतही विज्ञानकथेच्या इतिहासात टोपणनावाची एक सुंदर गोष्ट आहे. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप ह्या नावाने पाठवली. आद्याक्षरे उलटी केली होती, अक्षर पत्नी मंगलाताईंचे होते, आणि पहिले बक्षीस मिळाले. नारळीकरांनी नाव लपवले ते परीक्षा निष्पक्ष व्हावी म्हणून. आपल्या जिल्ह्यात आज टोपणनावाने लिहिणारी मुले-मुली आहेत, त्यांचे कारण निराळे आहे. कायद्यातील ३७७ कलमाचा, प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केला. घरातली पडवी अजून तशीच आहे.

आता भाषेकडे येतो, कारण मराठीत लिहिणाऱ्यासमोर ल ग्विन यांच्यापेक्षा कठीण काम आहे. गेथेनच्या माणसांसाठी त्यांनी पुल्लिंगी सर्वनाम वापरले, त्यावर टीका झाली, आधी त्यांनी समर्थन केले आणि नंतर चूक मान्य केली. इंग्रजीत अडचण सर्वनामापुरती आहे. मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हणताच निवेदक उघडा पडतो. तिसरे लिंग आपल्याकडे आहे, पण व्याकरणाने त्याला दिलेले नाव शिवी म्हणून वापरले जाते, आणि ते मला लिहिताना दर वेळी टोचते. तरी त्याच लिंगात आपण लेकराला कुशीत घेतो, आणि मालवणीत ‘चेडू’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगीच आहे. शिवाय भाषेत लपायला जागा आहेत. ‘मी जाईन’, ‘मी पाहिले’, ‘मला वाटले’, ‘मी चालत आहे’ ह्यांपैकी एकही क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका लिहिणाऱ्या व्यक्तीने मला एक कथा वाचायला दिली. कर्ली नदी आणि समुद्र ह्यांच्यामधली देवबागची वाळूची पट्टी पाण्याखाली गेली आहे असा काळ तिने कल्पिला आहे, आणि बुडालेल्या घरांवरून होडी नेणारे कोणीतरी गोष्ट सांगते आहे. मी वल्हे मारले, मी दिवा लावला, मला हाक ऐकू आली, उद्या मी पलीकडे जाईन, अशी ती कथा सोळा पाने चालते, आणि सांगणारा मुलगा आहे की मुलगी हे एका शब्दानेही कळत नाही. शेवटच्या पानावर होडी मूळ घराच्या पायरीला लागते. आतून आई विचारते, “कोण आलंय?”

त्यावर उत्तर येते, “मी आले.”