गळ्यावर प्रोब, पडद्यावर स्वरतंतू

(दृश्य : बाळ रडतंय. चेहरा लालबुंद, तोंड उघडं, आवाज जेमतेम. काही सेकंद निवेदन नाही.)

श्वासनळीतली नळी निघाली आहे. व्हेंटिलेटर बाजूला सरकवलाय. बाळ स्वतःचा श्वास स्वतः घेतंय, पण रडण्याला आवाज नाही. श्वास आत ओढताना एक बारीक शिटी वाजते, ती ऐका. डॉक्टर तिला स्ट्रायडर म्हणतात.

नळीमुळे आलेली सूज असेल. किंवा एक स्वरतंतू हलायचा थांबला असेल. खाटेशेजारी उभं राहून नुसत्या कानांनी यातला फरक सांगता येत नाही.

(दृश्य : छातीच्या मधोमध शस्त्रक्रियेची पट्टी. त्यावरून आकृतीकडे.)

ही पट्टी महत्त्वाची आहे. शस्त्रक्रिया झाली महाधमनीवर, आणि बिघाडाची शंका आहे गळ्यात. याचं कारण एका नसेचा वाकडा रस्ता. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून निघून थेट गळ्याला जात नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा वर चढते. उजवीकडची नस खांद्याकडे जाणाऱ्या धमनीखालूनच परत फिरते, म्हणून ती आखूड. डाव्या नसेचा वळसा नेमका तिथे असतो, जिथे लहान मुलांच्या हृदयाचे शल्यविशारद काम करतात. कमान दुरुस्त करायची असो की जन्मानंतरही उघडी राहिलेली धमनीवाहिनी बांधायची असो, नस हातभर दूर नसते, बोटभरही नसते. हात कितीही सराईत असला तरी तिच्यावर ताण पडू शकतो.

ही नस कापली की ओरडणारं डुक्कर गप्प होतं, हे गॅलेनने दुसऱ्या शतकातच दाखवलं होतं. मॅन्युएल गार्सिया या गायनशिक्षकाने १८५४ साली आरशांच्या मदतीने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढे लवचीक दुर्बीण आली. नाकातून घशात उतरणारी ही बारीक दुर्बीण आजही पक्क्या निदानासाठी प्रमाण मानली जाते. पण नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाच्या नाकात ती घालायची म्हणजे मूल झगडतं, ऑक्सिजन खाली येऊ शकतो, हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

म्हणून आता हे यंत्र बघा.

(दृश्य : चाकांवरचं सोनोग्राफी यंत्र खाटेजवळ येतं. प्रोबवर जेल.)

ते नवं आणलेलं नाही. अतिदक्षता विभागात याच यंत्राने फुप्फुसं पाहतात, हृदय पाहतात, शिरेत सुई घालताना शीर शोधतात. प्रोब, म्हणजे यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग, सरळ, लहान, उच्च वारंवारतेचा, कारण बघायची वस्तू कातडीच्या अगदी जवळ आहे. खांद्यांखाली टॉवेलची छोटी गुंडाळी, मान किंचित मागे, बाळ बहुधा नर्सच्या दोन हातांमध्ये. प्रोब गळ्याच्या पुढे, घाटीच्या, म्हणजे कंठमण्याच्या, जागी आडवा ठेवायचा. दाबायचा नाही. लहान बाळाचा श्वासमार्ग मुळात अरुंद, त्यावर बोटाचा भारही नको. जेल भरपूर घातलं की प्रोब नुसता टेकला तरी पुरतो.

इथे लहान वयाचा मोठा फायदा मिळतो. मोठ्या माणसांच्या, विशेषतः पुरुषांच्या घाटीच्या कूर्चेत वयानुसार चुना साठतो आणि ध्वनिलहरी तिथेच अडतात. बाळाची कूर्चा मऊ असते. लहरी तिच्यातून आरपार जातात.

(दृश्य : पडदा. हे दृश्य पूर्ण लांबीचं ठेवायचं.)

पडद्याची वरची कड म्हणजे गळ्याची पुढची कातडी. पडद्याची उजवी बाजू ही बाळाची डावी. मधोमध उलट्या व्हीसारखा आकार दिसतोय. त्याचे दोन पाय म्हणजे दोन स्वरतंतू : आतला स्नायू काळपट, कडेला एक उजळ रेघ. प्रोब जरा वर सरकवला तर त्याहून पांढऱ्या पट्ट्या दिसतात. ते खोटे स्वरतंतू. त्यांच्यात चरबी असते, म्हणून ते चमकतात. नवशिक्याची गफलत इथेच होण्याची भीती. खाली, मागच्या बाजूला दोन लहान ठिपके आहेत. त्या दोन छोट्या कूर्चा; त्यांना स्वरतंतूंची मागची टोकं जोडलेली असतात. स्वरतंतू अंधूक दिसला तरी हे ठिपके हलताना पकडता येतात.

आता श्वास. आत घेतला की व्ही उघडायला हवा.

बाळाचा उजवा ठिपका बाहेर सरकला. डावा जागेवर.

आता बाळ रडतंय. रडताना दोन्ही स्वरतंतू मध्यरेषेवर एकमेकांना भिडायला हवेत. उजवा आला. डाव्याकडून प्रतिसाद नाही, मध्ये फट राहिली. एरवी तपासणीत रडणं म्हणजे व्यत्यय. इथे शांत श्वासही लागतो आणि रडणंही लागतं, कारण उघडणं आणि मिटणं या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि दोन्ही बघायच्या आहेत. घाईघाईत एकच श्वास पाहून प्रोब उचलणं बरोबर नाही. चार-सहा श्वासांची क्लिप साठवावी.

(दृश्य : आईचा हात बाळाच्या कपाळावर. निवेदन नाही.)

भूल नाही, किरणोत्सर्ग नाही, नाकात काही घालणं नाही. बाळाला खाटेवरून हलवावंही लागत नाही. ही तपासणी उद्या पुन्हा करता येते, पुढच्या आठवड्यात पुन्हा. ताण बसलेली नस काही मुलांमध्ये कालांतराने सावरते. ते सावरणं दर वेळी दुर्बीण न घालता पाहता येणं, ही आमच्या मते या तपासणीची सगळ्यात मोठी देणगी आहे.

हिला मर्यादा आहेत. नळी आत असताना स्वरतंतूंचा खरा अंदाज येत नाही. गळ्यावर जखम किंवा पट्टी असेल तर प्रोब ठेवायला जागा उरत नाही. स्वरतंतूंच्या खालचा अरुंदपणा किंवा स्वरयंत्राचा सैलपणा शोधायला दुर्बीणच लागते. आणि प्रोब धरणाऱ्या हाताला शिकवावं लागतं. निरोगी मुलांचे गळे पाहिल्याशिवाय आजारी गळा ओळखता येत नाही.

(दृश्य : दुधाची बाटली बाजूला ठेवली जाते. नाकातून पोटात जाणारी नळी.)

स्वरतंतू मिटत नसेल तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून तोंडाने पाजणं थांबतं; दोन्ही बाजू लुळ्या पडल्या असतील तर काहींना गळ्याला छिद्र करून श्वासाची वाट द्यावी लागते.

(दृश्य : क्लिप संगणकावर, दोन डॉक्टर पडद्यासमोर.)

आमचं म्हणणं क्रमापुरतं आहे : नळी निघाली, आवाज बसका आहे किंवा शिटी वाजतेय, तर आधी प्रोब. क्लिप कान-नाक-घसा तज्ज्ञांपर्यंत पोहोचते. ती पाहून ते ठरवतात, दुर्बीण आजच घालायची की मूल सावरल्यावर.